जुन्या ब्राउझरसाठी सीएसएसमध्ये रंगाचा कोड कसा लिहावा?

तुम्ही विचारलंय, क्लायंटच्या जुन्या मशीनवर अर्धपारदर्शक रंग येतच नाही, तर आरजीबीए (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे) लिहावं की आठ अंकी हेक्स (सहा अंकी रंगाचा कोड आणि शेवटी पारदर्शकतेचे दोन अंक)? सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, आधी साधा सहा अंकी हेक्स लिहा, त्याच्या खालच्या ओळीत आरजीबीए. ज्याला खालची ओळ कळत नाही तो ब्राउझर ती सोडून देतो आणि वरची धरतो.

हे मी इंदूरला तोंडावर पडून शिकलो. २०१३ साल, एका मंगल कार्यालयाची साइट. हॉलच्या फोटोवर काळी अर्धपारदर्शक पट्टी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव. माझ्या लॅपटॉपवर झकास. मालक काकांच्या काउंटरवर मात्र विंडोज एक्सपी आणि इंटरनेट एक्सप्लोरर ८. आरजीबीए कळायला लागलं ९ पासून. पट्टी गायब, पांढऱ्या मांडवावर पांढरं नाव. काका चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “अरे, नाव घालायचं राहिलं का रे?”

रात्री मायक्रोसॉफ्टचा ग्रेडियंट फिल्टर, म्हणजे फक्त एक्सप्लोररला कळणारी रंग भरायची सोय, लावला. तरी काही नाही. दोन वाजता उमगलं की त्यात पारदर्शकतेचे दोन अंक सुरुवातीला येतात. मी आरजीबीएच्या सवयीनं सहा शून्यं लिहून ८० शेवटी दिले होते, म्हणजे पट्टी पूर्ण पारदर्शक! ८० पुढे घेतले आणि पट्टी उगवली. सकाळी ९व्या आवृत्तीत तीच दुप्पट गडद, कारण तिला फिल्टरही कळतो आणि आरजीबीएही. मग कंडिशनल कमेंट, म्हणजे फिल्टर फक्त ८व्या आवृत्तीलाच दिसेल अशी अट. आज मी फिल्टरच्या वाटेला जाणार नाही. जुन्या ब्राउझरमध्ये काळा ठोकळा दिसतो? दिसू दे, नाव तर वाचता येतं.

माझा तेव्हाचा भागीदार म्हणायचा, “एक्सपीवाल्यांसाठी रात्री कशाला जागतोस? ब्राउझर बदलायला सांग.” काकांना सांगणार कोण, हा? २०१८ मध्ये त्यानं स्वतः एका साइटवर नुसतं आठ अंकी हेक्स लिहिलं. एक्सप्लोरर ११ ला तेही कळत नाही. रात्री साडेअकराला स्क्रीनशॉट आला: “पट्टी दिसत नाही रे.” मी एवढंच लिहिलं, “ब्राउझर बदलायला सांग.”

हां, एक्सप्लोरर ११ जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. तुमच्या साइटवर तसं कोणी येत नसेल तर नुसतं आरजीबीए पुरे. पण काही मिनिफायर (फाइल आक्रसून लहान करणारी साधनं) आपणहून त्याचं आठ अंकी हेक्स करून टाकतात, तेव्हा बिल्ड झालेली, म्हणजे साइटवर चढणारी, फाइल उघडून बघा. भागीदाराचा घोळ तिथूनच झाला, असं तो सांगतो. मला पटलेलं नाही.