गाडगीळांनी की गाडगिळांनी?

प्रश्न असा: 'गाडगीळांनी' लिहायचं की 'गाडगिळांनी'? आणि जाता जाता, 'गाडगीळ सूत्र' नि 'गाडगीळ अहवाल' यांतले गाडगीळ एकच का?

नियमाने गाडगिळांनी. मराठी शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराचा ई किंवा ऊ सामान्यरूपात, म्हणजे विभक्तीचा प्रत्यय लागताना, ऱ्हस्व होतो: गरीब-गरिबाला, फूल-फुलाला, नागपूर-नागपुरात. शरीर-शरीराला ही सूट तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांची, आणि गाडगीळ काही तत्सम नव्हे. कानालाही विचारून बघा. 'गि'वर आपण रेंगाळत नाही. (पाटलांनी तर ती ई गिळूनच टाकली!) माणसाचं नाव मोडू नये, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही, पण तेवढीच हळहळ वाटत असेल तर 'गाडगीळ यांनी' लिहावं. विभक्ती 'यांनी'च्या गळ्यात, नाव जसंच्या तसं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, ते बापलेक. सूत्र धनंजयरावांचं. 1930 साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी करणारे आणि पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेले ते हेच. केंद्राची मदत राज्यांत कशी वाटायची, ते या सूत्राने 1969 मध्ये ठरवलं. पश्चिम घाटाचा 2011 चा अहवाल त्यांचे चिरंजीव, परिसरशास्त्रज्ञ माधवराव यांच्या समितीचा.

खरी गंमत इथून पुढे. 'गाडगिळांनी अर्थशास्त्र शिकवलं' म्हटलं, तर कोणत्या? धनंजयरावांनी शिकवलंच, पण नवकथाकार गंगाधर गाडगीळही पेशाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक. 'गाडगिळांनी पावसाचा अभ्यास केला' हे तर त्याहून अवघड. मोसमी पावसाच्या नामवंत अभ्यासक सुलोचना गाडगीळ या माधवरावांच्या पत्नी, आणि दोघंही बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. वाक्यावरून एकटे की दोघं, बाई की पुरुष, काही म्हणजे काही कळत नाही. आपल्याकडे आदरार्थी बहुवचन आणि खरंखुरं बहुवचन एकाच वेशात फिरतात, 'नी'ला लिंग नाही, आणि 'केला' हे क्रियापद जुळतं ते 'अभ्यास'शी, करणाऱ्याशी नाही. 'गाडगीळ आल्या' म्हणा, लगेच उलगडा होतो.

शिवाय अमेरिकेत बर्कलीला अशोक गाडगीळ आहेत, अतिनील किरणांनी पाणी स्वस्तात निर्जंतुक करण्याचं यंत्र काढणारे. म्हणून 'शास्त्रज्ञ गाडगीळ' एवढ्यानेही भागत नाही.

मी पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव लिहितो आणि नंतर आडनाव सोडून देतो: धनंजयरावांनी, माधवरावांनी, सुलोचनाबाईंनी. एक मात्र जपावं. 'गाडगीळ अहवाल' यात विभक्ती नाही, म्हणून तिथे दीर्घच. 'गाडगिळांचा अहवाल' म्हटलंत की ऱ्हस्व.