सपाट चौकोनांतली घडी

प्रश्न : माझी मुलगी येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकते. तिने दाखवलेल्या ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ या चित्रातले काळे-पांढरे चौकोन उजवीकडे एका खोल घडीत ओढले गेल्यासारखे दिसतात. हे कसे साधले आहे आणि चित्रकार कोण?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : हे चित्र ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायली यांनी १९६१ मध्ये रंगवले. फूटपट्टी लावून पाहिल्यास ध्यानात येईल, की चौकोनांची उंची कुठेही बदलत नाही. बदलते ती केवळ रुंदी, जी क्रमाक्रमाने कमी होत रेघेइतकी उरते आणि पुन्हा वाढते, त्यामुळे पृष्ठभागच तेथे आत वळला आहे, असा अर्थ आपली नजर लावते. छायेचा एकही हात नसताना ही खोली उभी राहते, हे मला फार मोलाचे वाटते.

रायली यांचा जन्म १९३१ मध्ये लंडनला झाला. महायुद्धाच्या काळातले बालपण इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी गेले. १९५९ मध्ये त्यांनी एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच चित्रकार जॉर्ज सूरा यांच्या एका चित्राची बारकाईने नक्कल केली आणि शेजारशेजारचे रंग नजरेवर काय परिणाम करतात, याचा अभ्यास केला. १९६५ च्या न्यूयॉर्क येथील प्रदर्शनाने त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले. आपल्या मुलीने हे चित्र मोठ्या आकारात, थोडे दुरून अवश्य पाहावे.