ताईंना विचारा : किल्ली कुणाकडे, फौज कुणाकडे?

प्रश्न : ताई, ३१ मे रोजी अहिल्यादेवींच्या जयंतीला आमच्या गावात मला बोलायचं आहे. दर वर्षी घाट, देवळं आणि विहिरींची यादी वाचली जाते नि चहा होतो. मला जाणून घ्यायचंय ते वेगळंच. त्या कारभार कसा करायच्या? पैसा कुणाच्या ताब्यात होता? हुकूम कुणाचा चालायचा? मी दोन वर्षांपासून सरपंच आहे, पण कागद आधी माझ्या दिरांकडे जातात, ते ठरवतात, मग सहीपुरते माझ्याकडे येतात. त्यांच्या वेळीही असंच होतं का?
— एक सरपंच, शिरपूर तालुका

उत्तर : सरपंचताई, तुमचं पत्र वाचलं आणि आमच्या शाळेतलं लोखंडी कपाट आठवलं. मी मुख्याध्यापिका झाले त्या दिवशी हार घातले, पेढे वाटले, आणि कपाटाची किल्ली कारकुनाच्या खिशातच राहिली. चार महिने मी खडूची पेटीसुद्धा मागून घेत होते. पाचव्या महिन्यात कुलूपच बदललं. तेव्हा मीही किल्लीपासूनच सुरुवात करते.

होळकरांच्या घरात पेट्या दोन होत्या. एक दौलतीची, म्हणजे सरदारकीच्या मुलखाचं उत्पन्न. त्यातून फौज पोसायची आणि पुण्याला हिशेब द्यायचा. दुसरी खासगीची, घरातल्या बाईच्या नावची. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी अहिल्याबाईंचे सासरे मल्हारराव यांच्या पत्नी गौतमाबाई यांना सुमारे तीन लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख खासगी म्हणून तोडून दिला. या गौतमाबाई कोण, तर तळोद्याच्या भोजराज बारगळांची मुलगी. मल्हारराव या मामांकडेच तळोद्याला वाढले आणि मामाचीच मुलगी केली. म्हणजे ती पेटी आपल्या खान्देशच्या लेकीच्या नावानं निघाली, आणि सासूच्या मागे सुनेकडे आली. देवळं, घाट, अन्नछत्रं यांचा खर्च मुख्यतः या पेटीतला. ‘राज्याचा खजिना दानधर्मात रिकामा केला’ असं कुणी म्हणालं तर त्याला एवढंच विचारा, कुठली पेटी म्हणता?

दौलतीच्या पेटीवर मात्र सगळ्यांचा डोळा होता. नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेला, तेव्हा सासऱ्यांनी सती जाऊ दिलं नाही आणि पुढे कामाला लावलं. तोफा न्या, दारूगोळ्याची तजवीज करा, अशी पत्रं मल्हारराव या सुनेला लिहीत. १७६६ मध्ये ते वारले, वर्षाच्या आत मुलगा मालेरावही गेला. मग दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवलं, एखादं लहान मूल दत्तक घ्या. आता लहान मूल गादीवर म्हणजे किल्ली दिवाणाच्या खिशात, हे तुम्हाला मी काय सांगावं! बाईंनी साफ नाही म्हटलं. मग दिवाणांच्या बाजूनं पेशव्यांचे चुलते राघोबादादा फौज घेऊन निघाले.

यावर जयंतीच्या भाषणांत बाईंनी राघोबांना लिहिलेलं म्हणून एक पत्र हमखास येतं, ‘बायकांशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही, हरलात तर...’ वगैरे. हे पत्र दर वर्षी थोडं लांबतं. पण पारडं फिरलं ते शब्दांमुळे नव्हे. महादजी शिंदे आणि नागपूरकर भोसले या कामात पडायला तयार झाले नाहीत, आणि तरुण माधवराव पेशव्यांनी चुलत्याविरुद्ध कौल दिला.

तोड निघाली ती अशी : मुलखाचा कारभार बाईंकडे, फौज होळकरांच्याच सैन्यातल्या तुकोजी होळकरांकडे. तुकोजी वयानं मोठे, तरी बाईंना आई म्हणत. ते मल्हाररावांचे मुलगे नव्हते, तरी त्यांच्या शिक्क्यावर मल्हाररावांचा पुत्र असं कोरलेलं होतं. आणि वाटणीची रेघ होती आपला सातपुडा. तुकोजी दक्षिणेत असले की सातपुड्याच्या अलीकडचा मुलूख ते बघत, पलीकडचा माळवा आणि निमाड बाई. तुकोजी हिंदुस्थानात, म्हणजे उत्तरेत गेले की अलीकडचंही बाईंच्या हाती येई. तुम्ही पळासनेर ओलांडून बिजासन घाट चढता ना, तीच ही रेघ. आपल्याकडच्या वसुलीचा धनी तुकोजींच्या छावणीबरोबर बदलायचा.

खरी डोकेदुखी इथं होती. फौजेला पैसा लागतो, तोही रोख आणि आत्ता. तुकोजी मोहिमेवरून मागत, बाई म्हणत आधीचा हिशेब पाठवा. अठ्ठावीस वर्षं हे चाललं. मला यात बाईंचीच सगळी बाजू घेता येत नाही. उपाशी फौज लढत नाही. १७९३ मध्ये लाखेरीला महादजींच्या फौजेनं तुकोजींच्या फौजेची धूळधाण केली, आणि ती हार होळकरांच्या घराला फार महागात गेली.

पैसा मात्र बाईंनी ओरबाडला नाही. सातपुड्याच्या घाटांत भिल्ल वाटसरूंना लुटत. आधी बाईंनी सैन्य पाठवून पाहिलंच. पण पुढे भिल्लांना त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर ठरलेली बारीक पट्टी घ्यायचा हक्क दिला, तिला भिलकवडी म्हणत. बदल्यात वाट सांभाळायची जबाबदारी त्यांचीच. चोरी झाली तर जाब त्यांनाच.

आता तुमचा मूळ प्रश्न. नाही, तिथं असं नव्हतं. तुमच्या अगदी उलट होतं. कागद आधी बाईंकडेच यायचे. पडदा न पाळता दुपारी उघड्या दरबारात बसायचं ते सहापर्यंत, मग पूजा, जेवण, आणि रात्री नऊ ते अकरा परत दफ्तर. तक्रारदार थेट समोर. सही स्वतःच्या नावाची नव्हे, ‘श्री शंकर’ अशी. नाण्यांवर नाव दिल्लीच्या शाहआलमचं, सोबत शिवपिंड नि बेलाचं पान. आपण राणी म्हणतो, पण कागदोपत्री तो मुलूख पेशव्यांच्या सरदाराचा. फौज आपली नाही हे ठाऊक असल्यानंच की काय, त्यांनी दफ्तर हातचं सोडलं नाही.

घरात मात्र दफ्तर चालत नाही. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले, मुलगी मुक्ताबाई सती निघाली. आई पाया पडली, तरी ती थांबली नाही.

भाषणात सांगायला मी तुम्हाला इंदूरच्या देवीचंद सावकाराची गोष्ट देते. हा निपुत्रिक वारला. तुकोजींचा तळ जवळच होता. कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं की विधवेच्या संपत्तीतला वाटा सरकारात घ्यावा. त्या विधवेनं तडक अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर गाठलं. अहिल्याबाईंनी तिचं ऐकून घेतलं, घरादाराची मालकीण तूच म्हणून तिला वस्त्रं दिली, आणि तुकोजींना हुकूम गेला : इंदुरापासून तळ हलवा, माझ्या शहराला त्रास देऊ नका. फौजेच्या सेनापतीला हा हुकूम! आणि तुकोजींनी तो मानला.

एवढी गोष्ट सावकाश सांगा. दीर पहिल्या रांगेत बसतील असं मात्र आधी बघा.