मोटरहोमच्या हायड्रॉलिक लेव्हलिंग जॅकखाली तेल पडतंय आणि रात्रीतून गाडी एका कोपऱ्यात बसते. सील बदलू की अख्खा जॅकच?

अजून दोन्हींपैकी काहीच मागवू नका. तुमच्या प्रश्नात तक्रारी दोन आहेत. मागच्या उजव्या जॅकखाली लाल तेलाचा डाग पडतो ही एक, आणि समतल करून झोपलं तरी सकाळी गाडी त्याच कोपऱ्यात बसलेली असते ही दुसरी. फिटिंग आवळूनही फरक पडला नाही, असंही तुम्ही लिहिलंय. माझ्या गाडीलाही एकदा हेच झालं होतं. दोन्हींचं मूळ एकच असणार असं धरून मी एक धडधाकट सिलिंडर खोलून बसलो. सील नवं घातलं, डाग तसाच, बसणंही तसंच.

गाडीखाली शिरण्याआधी एक बघा. हे जॅक गाडी समतल ठेवायला असतात, खाली माणूस असताना तिचा भार पेलायला नाहीत. तुमचा तर आधीच बसतोय. चेसिसच्या फ्रेमखाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय आत जाऊ नका. एअर सस्पेन्शन असेल तर हवा गेल्यावरही गाडी खाली येते, तेही लक्षात असू द्या. आणि गळती कधीही हाताने चाचपू नका. या सिस्टिममध्ये दाब ३००० पीएसआयच्या, म्हणजे २०० बारच्या आसपास जाऊ शकतो. केसाएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. सुई टोचल्याएवढीच खूण असते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणसं घरी बसून राहतात आणि पुढे बोट गमावायची वेळ येते. संशयाच्या जागी पुठ्ठा धरा, हात नको. तरीही लागलंच तर तडक हॉस्पिटल गाठा आणि दाबाखालचं तेल आत गेलंय हे तिथे स्पष्ट सांगा.

आता डाग. तेल जिथून टपकतं तिथूनच गळत असेल असं नाही. ते होजवरून, म्हणजे तेलाच्या नळीवरून ओघळत येतं, आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे फासलं जातं. मी शेवटी असं केलं: सगळे जॅक वर घेऊन तो भाग डीग्रीझरने लख्ख पुसला. मग टिश्यू पेपरच्या पट्ट्या दोऱ्याने तीन ठिकाणी बांधल्या. एक होज आणि धातूचं टोक जिथे क्रिंप केलेलं, म्हणजे दाबून घट्ट बसवलेलं असतं तिथे, एक फिटिंगच्या नटाखाली, एक सिलिंडरच्या तोंडाशी. जॅक खाली सोडला, गाडी उचलली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी बाहेरूनच टॉर्च मारला तर सिलिंडरच्या तोंडाची पट्टी कोरडी होती आणि नटाखालची लालभडक. जी ओली पट्टी सगळ्यात वर असेल, चोर तिच्यापाशी.

फिटिंग निघालं तर ते आणखी आवळू नका. बऱ्याच सिस्टिममध्ये ही फिटिंग ३७ अंशांच्या फ्लेअरची, म्हणजे उतरत्या तोंडाची असतात. तिथे तेल अडवतात ते धातूचे दोन उतार एकमेकांवर बसून, आट्यांचं त्यात काही काम नाही. जास्त आवळलं की उतारावर चरा पडतो, मग कितीही जोर लावा. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणं तर निव्वळ फुकट. मी गुंडाळली होती; तिने पुढे काय केलं ते खाली येतंच. उतारावर चरा दिसला तर ते टोक बदला. ओ-रिंगचं फिटिंग असेल तर रिंग बदला.

क्रिंपपाशी पाझर असेल तर होज गेला. त्यावर क्लॅम्प, एम-सील वगैरे काही चालत नाही. जुना होज नेऊन त्याच लांबीचा, त्याच टोकांचा आणि त्याच दाबाचा नवा क्रिंप करून घ्या.

सिलिंडरचं तोंडच ओलं असेल तर तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर सिलिंडरमधून बाहेर येणाऱ्या दांड्यावर आहे. दांडा पुसा आणि त्यावरून नख फिरवा. तेलाची पातळ साय असणं ठीकच, थेंब नको. नख कुठेच अडकलं नाही तर सील बदलून भागतं. गंजाच्या खड्ड्यात किंवा चऱ्यात नख अडकलं तर नवं सीलही तिथेच कापलं जाणार. मग दांडा किंवा अख्खा जॅक बदला. सील आणि ओ-रिंग नायट्राइल रबरचे घ्या, किंवा कंपनीने सांगितलेले. ब्रेकच्या कामाचं ईपीडीएम रबर या तेलात फुगतं. उलट, ब्रेक ऑइल या टाकीत ओतलं तर इथली सीलं खराब होतात. पुष्कळ सिस्टिममध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल, म्हणजे एटीएफ चालतं, पण काही कंपन्या वेगळं सांगतात, तेव्हा मॅन्युअल बघून मगच ओता.

टाकीच्या झाकणाखालीही एकदा नजर टाका. जॅक बाहेर असताना कुणी टाकी काठोकाठ भरली असेल, तर जॅक आत घेताना परतलेलं तेल ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या भोकातून बाहेर येतं. हे गळणं नव्हे, उतू जाणं.

आता गाडी बसण्याबद्दल. नटातून थेंब थेंब गळल्यानेही गाडी बसू शकते, पण माझी नट बदलून डाग थांबल्यावरही बसत राहिली. आधी टेपने मोजा: सिलिंडरच्या तोंडापासून खालच्या पायापर्यंत, रात्री आणि सकाळी. अंतर तेवढंच राहिलं असेल तर पाय जमिनीत रुततोय, खाली फळी टाका. चारेक मिलिमीटरनी कमी झालं असेल तर कदाचित काहीच बिघडलेलं नाही. तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के आकुंचन पावतं. ३० सेंटिमीटर बाहेर आलेला दांडा रात्री २० अंशांनी गार झाला की तेवढा आत जातोच. त्याहून बरंच जास्त असेल आणि बाहेर कुठेच ओलं नसेल, तर तेल आतल्या आत टाकीत परततंय.

असं असेल तर दोष व्हॉल्व्हमध्ये शोधा. बऱ्याच व्हॉल्व्हना हाताने दाब सोडायचा स्क्रू किंवा मूठ असते. ती कुणी अर्धवट उघडी ठेवली नाही ना, ते आधी बघा. ती बंद असेल आणि प्रत्येक जॅकला स्वतंत्र, एकसारखा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह असेल, तर उजव्या आणि डाव्या मागच्या जॅकची कार्ट्रिज, म्हणजे व्हॉल्व्हचा आतला सुटा भाग, अदलाबदल करा. जॅक पूर्ण वर, बॅटरीची तार काढलेली, चिंधी धरून हळूहळू सैल करा; भोवतीची धूळ आधी झाडून घ्या. आता डावा जॅक बसू लागला तर दोष कार्ट्रिजचाच. माझं कार्ट्रिज काढलं तेव्हा त्याच्या सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून मिटतो तिथे, पांढऱ्या टेफ्लॉनचा नखाएवढा तुकडा चिकटलेला होता. मीच गुंडाळलेला! जॅक आत घेताना तेलाबरोबर वाहत तो तिथे गेला आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटेना. धुऊन परत बसवलं, बसणं थांबलं.

जोडून झाल्यावर सगळे जॅक दोन-तीनदा पूर्ण खाली-वर करा म्हणजे हवा टाकीत निघून जाईल, फेस बसू द्या, आणि जॅक सगळे आत असताना पातळी बघून तेल भरा. स्लाइड-आउट (गाडीची बाहेर सरकणारी खोली) त्याच पंपावर असेल तर तीही आत हवी. दांड्यांना ग्रीस लावू नका, त्याला माती चिकटते आणि तीच सील खाते. कोरड्या कापडाने पुसलं की पुरे.

दुरुस्ती होईपर्यंत तो जॅक वापरू नका. लाकडी ठोकळ्यांवर चाकं चढवून गाडी समतल करा. थोडी खटपट आहे, पण रात्री पलंगावरून घसरायला होत नाही.