पेंटरला थोडं थांबव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

चिंचवडचा फ्लॅट विकायचा ठरल्याचं तुझ्या आईकडून कळलं. पेंटर सोमवारी येणार म्हणे. त्याला थोडं थांबव. आधी बाथरूमच्या मागची भिंत नीट बघ. तिथे पापुद्रे सुटले असतील तर नुसती पुट्टी आणि रंग पुढच्या पावसापर्यंतही टिकणार नाही. शिवाय घर बघायला येणारा मुरलेला माणूस नेमका त्याच भिंतीला हात लावतो. एवढीच भिंत नवी दिसली की त्याला संशय येतो, आणि मग तो भाव पाडतो.

ओल कुठून येते ते शोध. बहुतेक वेळा पाणी नहाणी ट्रॅपभोवती (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालचा भाग) किंवा टाइल्सच्या सांध्यांतून झिरपतं. आपल्याच बाथरूममधलं असेल तर सांधे खरवडून इपॉक्सी, म्हणजे पाणी न झिरपणारं भरण, भरून घे. वरच्यांच्या संडास-बाथरूममधून येत असेल, तर सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सरकारने घालून दिलेले नमुना नियम) तो खर्च संबंधित सभासदांनी करायचा असतो. गच्चीची किंवा बाहेरच्या पाइपांची गळती मात्र सोसायटीची. अर्ज लेखी दे आणि पोच घे. दुरुस्तीनंतर भिंत पूर्ण वाळू दे, मगच रंग. आणि गळती होती, ती अशी काढली, हे येणाऱ्याला आपणहून सांग, बिलं दाखव. शेजारी सांगतातच गं. त्याआधी तुझ्याकडून कळलं तर विश्वास बसतो.

बाकी फार खर्चात पडू नकोस. नवं मॉड्युलर किचन तर मुळीच नको, घेणारा ते आपल्या मनासारखं करून घेतो. माळा रिकामा कर, खिडकीआडचं कपाट हलव, गळके नळ बदल. बाबांच्या वस्तू आवरणं जड जाईल, म्हणून ते आत्ताच सुरू कर, सावकाश. घर दाखवायला हॉलमध्ये उजेड आणि नळाला पाणी असेल अशी वेळ दे.

कागद ही तर अर्धी तयारी. मूळ करार, इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्राची (इमारत राहायला योग्य असल्याच्या दाखल्याची) प्रत, मिळकतकराची पावती, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, सगळं एका फाइलमध्ये लाव. नॉमिनी तू असलीस तरी तेवढ्याने मालक होत नाहीस. बाबांचं मृत्युपत्र नसेल तर आई आणि दादाही वारस आहेत. त्यांना हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र रीतसर नोंदवून घ्या. बयाणा घेतल्यावर हा प्रश्न निघाला तर गिऱ्हाईक बिथरतं, त्याच्या बँकेचं कर्जही अडतं. फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियमही घेणारे विचारतील: महापालिका हद्दीत तो जास्तीत जास्त २५,००० रुपये, त्यावर देणगी म्हणून सोसायटीला काही मागता येत नाही.

शेअर सर्टिफिकेटवर अजून बाबांचंच नाव आहे का, ते आजच बघ आणि मला कळव.

तुझा,
काका