चिंतन नोंदवही, आंतरराष्ट्रीय शाळा आणि एक महागडे प्रमाणपत्र

प्रश्न : मी भूगोल विषय घेऊन पदवी पूर्ण केली असून सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी आंतरवासिता, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष अनुभवाचा काळ, इचलकरंजीतील एका माध्यमिक शाळेत सुरू आहे. पुण्यातील एखाद्या आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवावे, अशी माझी इच्छा आहे. एक खासगी संस्था ‘जागतिक शिक्षक’ असे प्रमाणपत्र सहा महिन्यांत देते; त्याचे शुल्क वडिलांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढे आहे. वडील म्हणतात, आधी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) द्या. आमच्याकडे चिंतन नोंदवही, म्हणजे घेतलेल्या पाठांवर स्वतःचा विचार लिहायची वही, मागच्या तुकडीची समोर ठेवून उतरवली जाते, त्यामुळे तिचा उपयोग काय, हेही कळत नाही. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातला प्रमाणपत्राचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी निकालात काढते. त्यासाठी कर्ज काढू नका. अनेक आंतरराष्ट्रीय शाळा ज्या संस्थेचा अभ्यासक्रम शिकवतात, त्या जिनिव्हा येथे १९६८ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या, म्हणजे आयबीच्या शाळांत नोकरीपूर्वी असे प्रमाणपत्र असलेच पाहिजे, अशी आयबीची अट नाही. निवडलेल्या शिक्षकांना आयबीचे प्रशिक्षण मिळेल हे पाहणे शाळेचे काम असते. आयबीची शिक्षकांसाठी स्वतःची प्रमाणपत्रे आहेत. त्यांचे अभ्यासक्रम आयबीने मान्यता दिलेली विद्यापीठे चालवतात. तुम्ही म्हणता ती संस्था त्या यादीत आहे का, हे लेखी विचारा. उत्तर गोलमोल आले, तर तेच उत्तर समजा.

नोंदवहीकडे मात्र सवडीने पाहू, कारण तुमच्या इच्छेची वाट तिच्यातून जाते. २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील प्रत्यक्ष अनुभवाचा काळ एकूण २० आठवड्यांचा झाला. त्यांतले १६ आठवडे दुसऱ्या वर्षाचे आहेत. इतका काळ देण्यामागचा हेतू हाच होता, की छात्राध्यापकाने पाठ घ्यावा, तो कोठे अडला ते पाहावे आणि पुढचा पाठ त्यानुसार बदलावा. व्यवहारात काय होते, ते तुम्हीच लिहिले आहे. ‘पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला, शैक्षणिक साधन प्रभावी ठरले’ ही तीन वाक्ये मी इतक्या नोंदवह्यांत वाचली आहेत, की हे उत्स्फूर्त विद्यार्थी नेमके कोणत्या शाळेत भेटतात, असे विचारावेसे वाटते. याचा दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. जी वही गुणांसाठी तपासली जाते, तिच्यात आपली चूक कोण लिहील?

म्हणून दुसरी वही करा, जी गुणांसाठी कोणाला दाखवायची नाही. दिवसाला एकच पाठ निवडा आणि त्या पाठातल्या एकाच मुलाबद्दल लिहा : तो नेमके काय म्हणाला किंवा त्याने काय केले, त्या क्षणी मी काय केले, मी तसे का केले आणि आता दुसरे काय करून पाहता येईल. व्यावसायिक लोक कसा विचार करतात याचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये काम करताना चालणारा विचार आणि काम झाल्यावरचा विचार यांत जो फरक केला, तो तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलाच असेल. या वहीत तो तुम्हाला स्वतःच्या पाठांत सापडू लागेल. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी चिंतनासाठी आवश्यक मानलेल्या वृत्तींत मनाचा खुलेपणा आहे, आणि आयबीने आपल्या विद्यार्थ्यांसाठी ठरवलेल्या १० गुणांतही खुले मन आणि चिंतनशीलता दोन्ही आहेत. आपण जे गृहीत धरले होते ते चुकले असू शकते, हे ज्या शिक्षकाला वर्गात कबूल करता येत नाही, त्याने भिंतीवर कितीही देशांचे ध्वज लावले तरी वर्ग जगाकडे उघडत नाही.

आपल्याकडचे उदाहरण बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांचे आहे. इटलीतील मारिया माँटेसरी यांची बालशिक्षणाची पद्धत त्यांनी परदेशातून घेतली, पण तिची महागडी साधने जशीच्या तशी न घेता स्थानिक, स्वस्त वस्तूंतून साधने घडवली. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झाल्यावर आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी सहकारी अनुताई वाघ यांच्यासह कुरणशाळा चालवली. ‘मुले शाळेत का येत नाहीत’ या प्रश्नाची जागा ‘शाळा मुलांपर्यंत का जात नाही’ या प्रश्नाने घेतली, हे चिंतन. आणि इटलीतला विचार कुरणापर्यंत आणताना त्याला बदलू देणे, ही खरी जागतिक दृष्टी.

तुम्ही तर इचलकरंजीत आहात. यंत्रमागांच्या या गावात तुमच्या वर्गात बिहार, उत्तर प्रदेश किंवा कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांची मुले बहुधा असतीलच. स्थलांतर हा घटक तुम्ही व्याख्या, कारणे, परिणाम अशा क्रमाने फळ्यावर लिहून संपवता, की ज्याच्या घरात ते घडले आहे त्याला विचारता? विचारताना सांभाळा, कारण कोणत्याही मुलाला वर्गापुढे नमुना म्हणून उभे करणे हाही अन्यायच आहे. सगळ्या वर्गालाच आपल्या आजी-आजोबांचे गाव नकाशावर शोधायला सांगितले, तर स्थलांतर केवळ परप्रांतीयांचे नसते, हे मुलांना आपोआप दिसेल. कापूस कोणत्या जिल्ह्यांतून येतो, कापड कोणत्या बाजारात जाते, परदेशातली मागणी घटली की कोणाची कामाची पाळी बंद होते, हा भूगोल गल्लीत सुरू होऊन समुद्रापार पोहोचतो. आंतरराष्ट्रीय शाळेच्या मुलाखतीत ‘तुमचा फसलेला एक पाठ सांगा’ असे विचारले गेले, तर हाताशी असा पाठ हवा. असे विचारल्यावर गप्प बसणारे उमेदवार मी बरेच पाहिले आहेत.

वडिलांचे म्हणणे आणि तुमची इच्छा यांत मला विरोध दिसत नाही. टीईटीचा दुसरा पेपर सहावी ते आठवीसाठी आहे. १५० गुणांपैकी खुल्या गटाला ६० टक्के लागतात. टेट २०० गुणांची असून तिच्या आधारे राज्य शासनाच्या पवित्र पोर्टलवरून शिक्षकभरती होते. दोन्हींची तयारी आतापासून करा. त्याच्या जोडीला इंग्रजीतून शिकवण्याचा सराव हवा, कारण पुण्यातील अशा शाळांचे माध्यम इंग्रजी असते आणि तुमच्या पत्रात याचा उल्लेखच नाही. आठवड्यातून एक पाठ टाचण इंग्रजीत लिहा आणि मैत्रिणीसमोर घेऊन पाहा. भूगोलात एम.ए. करायचे मनात असेल, तर तेही उपयोगी पडेल, विशेषतः अकरावी-बारावीच्या आयबी वर्गांसाठी.

आंतरवासिता संपायच्या आत त्या खासगी वहीतल्या दहा नोंदी पूर्ण करा आणि ती वही शाळेतील ज्या शिक्षिकेचा वर्ग तुम्हाला आवडतो, केवळ त्यांना दाखवून त्यांचे मत घ्या. मला पुन्हा लिहाल, तेव्हा त्या काय म्हणाल्या, ते कळवा.