पाथफाइंडरमध्ये जादुई वस्तूंवरचं अवलंबित्व कमी कसं करावं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: पाथफाइंडर या फाशांच्या रोल-प्लेइंग गेमची पहिली आवृत्ती, पार्टी (खेळाडूंच्या कॅरेक्टरचा गट) नवव्या लेव्हलला, प्रत्येकाच्या अंगावर सात-आठ जादुई वस्तू आणि त्यातल्या एकीचंही कुणाला कौतुक नाही. वस्तू देणं कमी केलं की मॉन्स्टर पार्टीला झोडपून काढतात. मग करायचं काय?

नुसता हात आखडता घेऊन हे सुटणार नाही. ही आवृत्ती २००९ ची असली तरी तिचा सांगाडा डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (डी अँड डी) ३.५ आवृत्तीचा आहे आणि त्यात वस्तू गणितातच धरलेल्या आहेत. नवव्या लेव्हलच्या कॅरेक्टरकडे ४६,००० सोन्याच्या नाण्यांचा ऐवज असेल असं नियमांचं पुस्तक गृहीत धरतं. आता एका फायटरची (शस्त्रानं लढणाऱ्या कॅरेक्टरची) खरेदी बघा: +२ तलवार ८,०००, +२ चिलखत ४,०००, ताकद +४ करणारा पट्टा १६,०००, सेव्हसाठी (जादू वगैरेपासून वाचायला टाकायच्या फाशासाठी) +३ चा झगा ९,०००, +१ ची अंगठी आणि +१ चा ताईत प्रत्येकी २,०००. झाले ४१,०००. यात गंमत म्हणावी अशी एकही वस्तू नाही, सगळी नुसती बेरीज. उडता येणारे बूट १६,००० चे, ते परवडतच नाहीत.

आता हेच सगळं काढून घ्या. झगा गेला की काय होतं ते पाहा. नवव्या लेव्हलच्या फायटरचा विल सेव्ह (मनावरच्या जादूविरुद्धचा) मुळात +३, विस्डम १२ असेल तर +४. समोरच्या विझार्डची (जादूगाराची) बुद्धिमत्ता २० असेल तर त्याच्या डॉमिनेट पर्सनची, म्हणजे माणसाला ताब्यात घेणाऱ्या स्पेलची, डीसी (गाठायचा आकडा) २०. म्हणजे फायटरला वीस बाजूंच्या फाशावर १६ किंवा वर पाडायचे, वाचण्याची शक्यता २५ टक्के. झगा असता तर ४०. फायटर शत्रूच्या ताब्यात गेला की तुमची पार्टी तुमच्याच पार्टीशी लढते. विझार्डचं मात्र फारसं अडत नाही: मेज आर्मर (स्पेलचं चिलखत) आहे आणि नवव्या लेव्हलला त्याला ओव्हरलँड फ्लाइट हा उडण्याचा स्पेल मिळतो, तो तासन् तास हवेत. वस्तू कमी केल्या की मार पडतो तो ज्यांच्याकडे स्पेल नाहीत त्यांनाच. लो-मॅजिक म्हणून मिरवणारे बरेच गेम इथेच फसतात, असं माझं मत आहे.

म्हणून बोनस वस्तूंमधून काढा आणि कॅरेक्टरमध्ये घाला. २०१५ च्या पाथफाइंडर अनचेन्ड या पुस्तकात ‘ऑटोमॅटिक बोनस प्रोग्रेशन’ नावाचा नियम आहे, तोच वापरा. तिसऱ्या लेव्हलला सेव्हवर +१, चौथीला शस्त्र आणि चिलखतावर +१, पाचवीला डिफ्लेक्शन (वार परतवणारा बोनस), सहावीला एक मानसिक आणि सातवीला एक शारीरिक स्टॅट +२, असं पुढे वाढत जातं. मोबदल्यात खजिना निम्मा. तुमच्या पार्टीच्या बाबतीत ४६,००० चे २३,०००, पण आता त्यात उडते बूट येतात आणि वर ७,००० उरतात! फायटर पहिल्यांदाच काहीतरी हौसेनं विकत घेईल.

चालू कॅम्पेनमध्ये बदल करताना आधी सगळ्यांना सांगा. सेशनच्या मध्ये ‘तुमची अंगठी आता चालत नाही’ म्हणालात तर भांडण ठरलेलं. मी गेम चालवत असताना अशा वस्तू पूर्ण किमतीत परत घेतो, एरवी दुकानदार निम्मीच देतो. कुणाला आपली तलवार जिवापाड प्रिय असेल तर ती राहू द्या. त्याच पुस्तकात मालकाच्या लेव्हलबरोबर वाढणाऱ्या वस्तूंचेही नियम आहेत. आजोबांची तलवार शेवटपर्यंत हातात राहते, +३ मिळाली म्हणून +२ भंगारात जात नाही.

या नियमानं आकडे सुटतात, बाकीचं तुम्हालाच बघावं लागेल. उडणारे, अदृश्य किंवा देहहीन शत्रू निवडताना आधी तपासा की पार्टीतल्या प्रत्येकाला करण्यासारखं काही आहे का. डॅमेज रिडक्शनला (योग्य शस्त्र नसेल तर मॉन्स्टरला कमी इजा होते, त्या नियमाला) मी तर उलट मदतनीस मानतो. +३ शस्त्र चांदी आणि कोल्ड आयर्न (एक खास लोखंड) दोन्हींची गरज भागवतं, त्यामुळे वेअरवुल्फची आधी चौकशी करायचं कारणच उरत नाही. बोनस हळू वाढले की चांदीचा मुलामा देणारा सोनार शोधायला लागतो आणि गावातली माणसं खेळात येतात.

पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या डी अँड डीत, वस्तू गणितात धरलेल्या नाहीत आणि अट्यूनमेंट (वस्तूशी आधी नातं जोडणं) लागणाऱ्या वस्तू एका वेळी तीनच. पण चालू कॅम्पेन तिकडे हलवणं म्हणजे सगळी कॅरेक्टर नव्यानं बांधणं. मी ते करणार नाही.

एक राहिलं. क्युअर लाइट वुंड्सची, म्हणजे जखमा भरणारी जादूची कांडी: ७५० नाणी, ५० चार्ज (तितक्या वेळा वापर). खरं अवलंबित्व हिच्यावर आहे आणि वरच्या नियमानं तिला धक्काही लागत नाही. पार्टीत क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा पुरोहित) नसेल तर ती काढून घेऊ नका. क्लेरिक असेल आणि कांडी काढून घ्यायचीच असेल, तर दिवसाला दोन लढायांच्या वर नेऊ नका आणि मधे माघार घेण्याची वाट मोकळी ठेवा.